ट्रेलरचे ब्रेक : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ट्रेलरच्या ब्रेकविषयी आहेत. काही पत्रे बंदरावरील कंटेनर वाहतूक करणाऱ्यांची आहेत, तर काही ऊसवाहतूक करणाऱ्या शेतकऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण इतर पत्रांतील निम्म्या शंका त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : माझे ४० फुटी कंटेनरचे दोन ट्रेलर आहेत. पुण्याकडून येताना बोरघाट उतरताना पेडल पूर्ण दाबले तरी ट्रेलर मागून ढकलतो, अशी चालकाची तक्रार आहे. हवेचा काटा मात्र शेवटपर्यंत पूर्ण दाब दाखवतो. मेकॅनिकने काटा पाहून ‘हवा बरोबर आहे’ असे सांगितले आणि गाडी परत पाठवली. मग दोष कोठे असावा?
— एक ट्रेलरमालक, कळंबोली

उत्तर : आपल्या मेकॅनिकने सांगितले ते खरे आहे, पण ते अपुरे आहे. टाकीत किती दाब आहे एवढेच काटा सांगतो; त्या दाबाचे चाकापाशी पोहोचल्यावर काय झाले, हे सांगण्याची सोय त्या काट्यात नाही. पेडल दाबल्यावर हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये, म्हणजे आपले लोक ज्याला बूस्टर म्हणतात त्यात, शिरते आणि आतील रबरी डायफ्रामला ढकलते. डायफ्राम पुशरॉडला बाहेर लोटतो, पुशरॉड झिजेनुसार ब्रेकचे अंतर जुळवणाऱ्या स्लॅक अ‍ॅडजस्टरचा दांडा फिरवतो, त्यामुळे इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम फिरतो आणि लायनर म्हणजे घर्षणाचा थर बसवलेले दोन्ही शू फाकून चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला भिडतात. बूस्टरवर ३० असा क्रमांक असेल तर त्याच्या डायफ्रामचे कार्यकारी क्षेत्रफळ ३० चौरस इंच असते. ६ बार दाबाला असा एक बूस्टर पुशरॉडवर सुमारे १,१५० ते १,२०० किलोचा जोर देतो. हा जोर थोडाथोडका नाही. तो ड्रमपर्यंत पोहोचतो की वाटेतच वाया जातो, हाच काय तो प्रश्न आहे.

तो वाया जातो तो असा. ३० क्रमांकाच्या साध्या बूस्टरमध्ये पुशरॉड जास्तीत जास्त सुमारे ६४ मिलिमीटर बाहेर येऊ शकतो. लायनर झिजत जातो तसे शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढते आणि तेवढे अंतर कापण्यासाठी पुशरॉडला अधिक बाहेर यावे लागते. स्लॅक वेळच्या वेळी घट्ट केला नाही, तर एक दिवस असा येतो की शू ड्रमला जेमतेम टेकतात आणि त्याच वेळी आतील तबकडी बूस्टरच्या भिंतीला जाऊन भिडते. त्यानंतर चालकाने कितीही जोराने पेडल दाबले, तरी हवेचा सारा जोर बूस्टरच्या पत्र्यावर पडतो, ड्रमवर नाही. काटा पूर्ण, पेडल घट्ट आणि ब्रेक नाही, अशी ही अवस्था असते.

ही तक्रार सपाट रस्त्यावर न येता घाटातच का येते, याचेही कारण आहे. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे त्याचा व्यास वाढतो आणि तो शूपासून दूर सरकतो. कळंबोलीच्या आवारात थंड ड्रमवर जो पुशरॉड मर्यादेच्या किंचित आत होता, तोच खंडाळ्याच्या खाली तापलेल्या ड्रमवर मर्यादेबाहेर जातो. त्यातच अति तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली सुमारे ६० मीटरवर. ४० टनांची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ६४० लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापवता येईल. यातील मोठा वाटा इंजिनाने आणि एक्झॉस्ट ब्रेकने (धुराची वाट अडवून इंजिनाला मंदावणाऱ्या ब्रेकने) उचलला नाही, तर तो सगळा ड्रममध्ये जमा होतो.

म्हणून आपण काट्याऐवजी पुशरॉड मोजून घ्यावा. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडावा, टाकीत ६ ते ७ बार दाब असताना इंजिन बंद करावे. पुशरॉड जेथे बूस्टरमधून बाहेर येतो तेथे खडूची खूण करावी. दुसऱ्या माणसाने पेडल पूर्ण दाबून धरावे आणि आपण खूण बूस्टरच्या तोंडापासून किती पुढे गेली ते पट्टीने मोजावे. उत्तर अमेरिकेतील रस्त्यावरच्या तपासणीत ३० क्रमांकाच्या साध्या बूस्टरसाठी ५१ मिलिमीटर आणि २४ क्रमांकाच्या साध्या बूस्टरसाठी ४४ मिलिमीटर ही मर्यादा धरतात. लांब स्ट्रोकच्या, म्हणजे पुशरॉड अधिक बाहेर येऊ शकणाऱ्या, बूस्टरची मर्यादा अधिक असते, त्यामुळे आपल्याकडे कोणता बूस्टर आहे हे आधी पाहावे. अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा. प्रत्येक चाकाचा आकडा वहीत लिहून ठेवावा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांच्या आकड्यांत ठळक फरक दिसला, तर ब्रेक मारताना ट्रेलर एका बाजूला ओढला जातो. याच वेळी पेडल दाबलेले असताना पुशरॉड आणि स्लॅकचा दांडा यांच्यात साधारण काटकोन होतो की नाही, हेही पाहावे. कोन त्याहून बराच वेगळा असेल तर जोर वाया जातो.

स्लॅक हाताने घट्ट करण्याच्या जातीचा असेल, तर त्याच्या षटकोनी नटावरील कुलूपकडी पान्याने आत दाबून नट फिरवावा. ब्रेक लागताना कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो फिरला पाहिजे. शू ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत नट घट्ट करावा आणि मग पाव ते अर्धा आटा उलटा सोडावा. कुलूपकडी पुन्हा बाहेर येऊन नटावर बसल्याची खात्री करावी. ती अडकून राहिली तर नट धक्क्यांनी आपोआप सैल होत जातो. हे काम झाल्यावर पुशरॉड पुन्हा मोजावा.

राहिला चालकाचा भाग. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता त्या किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये माथ्यावरच गाडी घालावी. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की पेडल ठामपणे दाबून तो ताशी ८-१० किलोमीटरने उतरवावा आणि पेडल पूर्ण सोडावे. सतत हलके दाबून ठेवले तर ड्रमला थंड होण्यास उसंत मिळत नाही. ट्रेलरचा स्वतंत्र हातब्रेक असेल, तर तो घाट उतरण्यासाठी वापरू नये. त्याने सगळी उष्णता ट्रेलरच्याच ड्रममध्ये जाते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे ही तर सरळसरळ आत्मघातकी सवय आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या सवयीपायी कुप्रसिद्ध झाला आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध तर नाहीसा होतोच, शिवाय इंजिन मंद फिरत असल्यामुळे कॉम्प्रेसरही मंद चालतो आणि वारंवार पेडल मारून संपवलेली हवा वेळेवर भरून निघत नाही.

प्रश्न : बंदराच्या यार्डात घोड्याला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, रोज वेगळा ट्रेलर जोडावा लागतो. लाल आणि पिवळ्या नळ्यांची अदलाबदल झाली तर नेमके काय होते? जोडल्यानंतर कोणती तपासणी सर्वांत आधी करावी?
— एक चालक, उरण

उत्तर : लाल नळी ट्रेलरच्या टाकीला सतत हवा पुरवते आणि पिवळी नळी पेडलचा हुकूम मागे नेते. दोन्ही उलट्या जोडल्या गेल्या तर टाकीची हवा ब्रेकच्या हुकूमनळीत जाते आणि ट्रेलरची टाकी भरतच नाही. ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा नसली की स्प्रिंगच्या जोराने लागणारे ब्रेक, असतील तर ते सुटणार नाहीत, म्हणजे गाडी जागची हलणार नाही आणि चूक तेथेच उघडी पडेल. जुन्या ट्रेलरची गोष्ट निराळी आहे. स्प्रिंग ब्रेक नसलेल्या आणि यार्डात पडून टाकी रिकामी झालेल्या ट्रेलरची चाके मोकळी फिरतात. असा ट्रेलर निमूटपणे मागे येतो आणि पहिल्या वळणावर ब्रेक मारीपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही.

म्हणून जोडल्यावर टाकी पूर्ण भरू द्यावी, दोन्ही जोडण्यांतील रबर वॉशर फाटलेले किंवा कडक झालेले नाहीत ना हे पाहावे, आणि मग इंजिन बंद करून ब्रेक न लावता एक मिनिट काट्याकडे पाहावे. एका मिनिटात सुमारे ०.२ बारपेक्षा अधिक दाब उतरला तर हवा कोठेतरी गळते आहे. पेडल पूर्ण दाबून पुन्हा एक मिनिट पाहावे. या वेळी सुमारे ०.३ बारपर्यंतची उतर चालते. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने सापडते. शेवटी ट्रेलरचा ब्रेक लावून सर्वांत खालच्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढून पाहावा. ट्रेलरने घोड्याला रोखून धरले पाहिजे. हीच चाचणी किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची पिन) नीट अडकली आहे की नाही, हेही सांगते.

लाल नळी चालत्या गाडीत तुटली तर ट्रेलरच्या टाकीजवळचा आणीबाणीचा झडप-संच टाकीतील हवा ब्रेककडे वळवतो आणि ट्रेलर आपोआप अडतो. हे काम तो करतो की नाही, हे उभ्या गाडीत लाल नळीची हवा तोडून महिन्यातून एकदा पाहावे. कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही.

प्रश्न : आमच्या चार ट्रेलरचा हिशेब मी पाहते. एका चाकाचा लायनर लवकर संपला, म्हणून मेकॅनिकने त्याच चाकाचा बदलला. दुसऱ्या एका चाकाच्या लायनरवर हबमधील ग्रीस आले होते, ते पेट्रोलने धुऊन तोच पुन्हा बसवला. खर्च वाचला हे खरे, पण हे योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही बाबतींत नाही. लायनर अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकाच वेळी आणि एकाच जातीचे बदलावेत. नवा आणि जुना लायनर सारख्या ताकदीने धरत नाहीत. ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर त्यामुळे आडवा जाऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे असे की एकच लायनर लवकर का संपला, याचा शोध कोणी घेतलेला दिसत नाही. शूची परत खेचणारी स्प्रिंग तुटलेली असणे, कॅमचे बुश गंजून आखडलेले असणे किंवा बूस्टर पूर्ण न सुटणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कारण तसेच राहिले तर नवा लायनरही तितक्याच लवकर संपेल आणि आपल्या वहीत तोच खर्च पुन्हा येईल.

ग्रीस शोषलेला लायनर धुऊन वरवर स्वच्छ दिसतो; मात्र तापल्यावर आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. तो बदललाच पाहिजे आणि आधी हबचे सील बदलले पाहिजे. लायनरची जाडी सर्वांत झिजलेल्या जागी सुमारे ६ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये आणि रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाशी येण्याची वाट तर मुळीच पाहू नये, कारण तेथून पुढे रिव्हेट ड्रमला खणू लागते. ड्रमवर त्याचा कमाल व्यास बहुधा कोरलेला असतो. तो ओलांडलेला ड्रम खरादावर पुन्हा फिरवून घेण्यात अर्थ नाही. लायनर आणि ड्रम दोन्ही जास्त झिजले तर कॅम आपल्या टोकापलीकडे पलटतो आणि चाक एक तर अडकून बसते किंवा धरतच नाही.

एक सूचना आपल्या मेकॅनिकसाठी. ड्रम उघडल्यावर हवेची नळी मारून धूळ उडवण्याची पद्धत बंद करावी. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घेणे पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या नव्या ट्रेलरला आपोआप घट्ट होणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर आहेत. तरीही मेकॅनिक दर आठवड्याला ते पान्याने घट्ट करतो. यात काही नुकसान आहे का?
— एक वाहतूकदार, चाकण

उत्तर : आहे. हे स्लॅक बसवताना आणि लायनर बदलताना एकदा हाताने लावायचे असतात. त्यानंतर पुशरॉडचे अंतर ते स्वतःच राखतात. ते दर आठवड्याला घट्ट करावे लागत असतील, तर एक तर स्लॅक निकामी झाला आहे, किंवा कॅमचे बुश, क्लेव्हिसची (पुशरॉड आणि स्लॅक जोडणाऱ्या कडीची) पिन अथवा बूस्टरचा ब्रॅकेट झिजला आहे. पान्याने घट्ट केल्यावर दोन-चार दिवस बरे वाटते आणि मूळ रोग तसाच राहतो. शिवाय उलटा फिरवताना आतील दात झिजतात. पुशरॉड मर्यादेबाहेर आढळला तर कारण शोधून सुटा भाग बदलून घ्यावा. अशा स्लॅकलाही ग्रीस लागते, ही गोष्ट ‘ऑटो’ या शब्दामुळे विसरली जाते.

प्रश्न : स्प्रिंग असलेला मागचा बूस्टर गळत असेल, तर तो रस्त्यात उघडून डायफ्राम बदलता येतो का?
— एक चालक, मनमाड

उत्तर : पुढच्या कप्प्याचा म्हणजे पेडलच्या ब्रेकचा डायफ्राम माहितगार माणूस बदलू शकतो, पण त्याआधी स्प्रिंग तिच्यासाठी असलेल्या लांब बोल्टने दाबून बांधून ठेवावीच लागते. मागचा कप्पा मात्र कोणीही, कोठेही उघडू नये. त्यात दाबलेली स्प्रिंग एवढ्या ताकदीची असते की क्लॅम्प सुटताच झाकण गोळीसारखे उडते, आणि त्याने माणसे दगावली आहेत. पूर्ण बूस्टर बदलावा, आणि टाकून देताना जुन्याची स्प्रिंग कारखान्यात सुरक्षितपणे मोकळी करून घ्यावी. भंगारवाल्याच्या कटरखाली तो तसाच जाऊ देऊ नये.

प्रश्न : कोकणात पावसाळ्यात हवेच्या टाकीतून फार पाणी निघते. रोज काढणे खरेच आवश्यक आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्याकडील दमट हवेत होय. कुंभार्ली घाट चढताना कॉम्प्रेसर बाहेरची ओली हवा ओढून दाबतो, ती टाकीत थंड होते आणि पाणी खाली साचते. टाकीत पाणी जितके, तितकी हवेची जागा कमी. शिवाय झडपा गंजतात आणि चिकटतात. घोड्याच्या टाकीतील पाणी बहुतेक चालक काढतात, ट्रेलरच्या टाकीचा नळ मात्र चिखलाखाली वर्षभर तसाच असतो. पाण्याबरोबर काळपट तेल येऊ लागले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा तपासाव्यात, आणि एअर ड्रायर असूनही पाणी येत असेल तर त्याचे कार्ट्रिज बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

प्रश्न : मी ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घालतो. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरचे ब्रेक चांगले असले तर पुरेसे नाही का?
— एक शेतकरी, शिरोळ

उत्तर : नाही. नेहमीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर काम करतात आणि मागे जोडलेल्या भरलेल्या ट्रॉल्यांचे वजन ट्रॅक्टरच्या कित्येक पट असते. ट्रॅक्टर थांबू लागला की ट्रॉल्या त्याला मागून रेटतात आणि वळणावर हा रेटा आडवा बसला तर ट्रॅक्टर कात्रीसारखा दुमडतो. दुचाकी ट्रॉली आपले थोडे वजन हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते, त्यामुळे त्यांची पकड थोडी वाढते. चारचाकी ट्रॉलीत तेवढाही आधार मिळत नाही.

ट्रॉलीला ब्रेक बसवण्याचे तीन मार्ग आहेत. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून हवेचे ब्रेक करता येतात, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे ब्रेक बसवता येतात, किंवा ट्रॉली पुढे रेटू लागली की जोडणीचा दांडा आत दबून स्वतःच ब्रेक लावेल अशी रचना करता येते. तिसरी रचना स्वस्त असली तरी मागे घेताना तीही रेटा समजून ब्रेक लावते, म्हणून तिला अडसर असावा लागतो. पैसे लावायचेच असतील तर मी पहिल्या दोहोंपैकी एक सुचवेन, आणि ब्रेक दोन्ही ट्रॉल्यांना असावेत असा आग्रह धरीन. हायड्रॉलिक ब्रेक ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारे असतील तर त्यात मोटारीचे ब्रेक ऑइल घालू नये, आणि ब्रेक ऑइलवर चालणाऱ्यात ट्रॅक्टरचे तेल घालू नये. सिलिंडरची रबरे फुगून बिघडतात.

तोपर्यंत ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडले एकत्र जोडणारी कडी रस्त्यावर येण्यापूर्वी लावावी. शेतात वळण्यासाठी ती सोडलेली असते आणि तशीच राहते. मग घाईने एकच पेडल दाबले गेले की एकच चाक अडते आणि भरल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर फिरतो. दोन्ही पेडलांची खोली सारखी नसेल तर आधी ती जुळवून घ्यावी, कारण कडी लावली तरी एक चाक आधी धरत राहील. हुकाची पिन, तिची सुरक्षा क्लिप आणि साखळी गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर दर खेपेस नजरेखालून घालावी.